हेल्मेटातलं बाळंतपण

सेक्टर १०, भिलाई
२ एप्रिल १९८४

ती. सौ. आईंना पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फक्त एक कबुली द्यायची आहे, तेव्हा आधी घोटभर पाणी प्या. तुमच्या लक्षवातींपैकी दहा हजार माझ्याकडे वळायला दिल्या होत्या ना, त्यांतल्या हजारभर खारीने पळवल्या. मी वळून सुपात ठेवत गेले आणि ती खिडकीतून येऊन नेत गेली. सूप भरेना, तेव्हा मला वाटलं माझाच हात मंद आहे!

तुमचे चिरंजीव पाय मुरगळून पंधरा दिवस घरी होते. तेवढ्यात कपाटावर उलट्या पडलेल्या त्यांच्या कारखान्याच्या हेल्मेटात तिने वातींचं घरटं केलं. परवा ड्यूटीवर निघताना पाहतात तर आत तीन पिल्लं, डोळे मिटलेली. शेवटी उसनं हेल्मेट कानांवर सावरत गेले.

शेजारचे भय्याजी पिंजरा घेऊन आले. म्हणाले, की वहिनी, कावून घाबरून राहिल्या, खारीले धरून दूर सुपेला बाजारापार सोडून येतो. पण मागे पिल्लांचं काय? मी पिंजरा परत पाठवला. आता वैशाखात तुमचं उद्यापन. वाती काढून घेतल्या तर पिल्लं उघडी पडतात, नाही घेतल्या तर तुमचं व्रत अपुरं राहतं. दोन दिवस अन्न गोड लागत नाही. काय करू ते कळवा.

ती. बाबांना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली
पद्मजा


वर्धा
८ एप्रिल १९८४

चि. सौ. पद्मजा हिस अ. उ. आशीर्वाद.

पाणी प्यायले. तुझे सासरे मात्र पत्र वाचून इतके हसले की कवळी सांभाळावी लागली.

वातींना हात लावू नकोस. बाळंतिणीचं अंथरूण ओढून देवापुढे लावायचं, असलं पुण्य मला नको. पिल्लांनाही शिवू नकोस. सकाळी ऊन चढायच्या आत, आई बाहेर गेली की हेल्मेट आहे तसं उचल आणि खिडकीसमोरच्या पेरूला पट्ट्याने टांग, म्हणजे तिला सापडेल. बुंध्याला बाभळीच्या काट्या बांध, मांजर चढणार नाही. घरात एखादं पिल्लू राहिलं नाही ना, हे दोनदा पाहा आणि मगच खिडकीला जाळी ठोका. माधवला सांग, थोडे दिवस उसन्या टोपीत राहिल्याने कोणाची अब्रू जात नाही.

तुम्हा दोघांवर, आणि त्या चौघांवरही, लोभ आहेच.

तुझी सासू
सुशीला


भिलाई
१७ एप्रिल १९८४

ती. सौ. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हुकुमाप्रमाणे सगळं झालं. भय्याजींनी शिडी धरली. कारखान्यात आगीजवळ बेधडक जाणारे तुमचे चिरंजीव दोन हातमोजे चढवून, पावलं मोजत हेल्मेट घेऊन गेले. खार भिंतीवर बसून तासभर आमचा उद्धार करत होती. मग एकदाची उतरली, हेल्मेटात डोकावली आणि आत शिरली. मला रडूच आलं. यांनीही डोळे पुसले आणि कचरा गेला म्हणाले.

आता पिल्लांना लव आली आहे. वारा सुटला की हेल्मेट पट्ट्यावर मागेपुढे होत राहतं. मी खिडकीत बसून वाती वळते, पण पाचशे तरी कमी पडतील. एवढं मोठं व्रत कशासाठी, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ज्यासाठी असेल, त्याला माझ्यामुळे बाधा नको, एवढीच धास्ती आहे.

लोभाची आस आहेच.

आपली
पद्मजा


वर्धा
२३ एप्रिल १९८४

चि. सौ. पद्मजास अ. उ. आशीर्वाद.

कमी पडणाऱ्या पाचशे वाती मी वळून ठेवल्या. उद्यापन ठरल्या दिवशीच होईल.

नवस बोलून दाखवू नये म्हणतात, पण तू विचारलंस. तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तुला कोणी टोचून बोलू नये, म्हणून मी फक्त देवाशी बोलले. म्हटलं, भिलाईच्या घरी पाळणा हलू दे.

हलला. कोणाचा, ते सांगायचं माझंच राहिलं होतं.

तेव्हा नवस फिटला, असं मी धरते. यापुढे काही मागणार नाही. तुम्ही दोघं आहात, मला तेवढं पुष्कळ आहे. धास्ती सोड आणि तीन नावं काढून ठेव. बारशाच्या घुगऱ्या घेऊन मी येते.

लोभ असावा, थोडा पेरूवरही.

तुझी
आई