धनेशने आखलेले डोळे

१० नोव्हेंबर, रोहा
आलो एकदाचा! मेंदूच्या शस्त्रक्रियेचं सराव केंद्र म्हणजे काचेची मोठी इमारत असेल असं वाटलं होतं. निघाल्या दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप आणि शेजारी झकास मासे देणारी खाणावळ. माणसाला हात लावण्याआधी इथे नकली डोक्यांवर शिकायचं. वरून कवटी, आत मऊ मेंदू, रबरी नळ्यांतून लाल पाणी. परीक्षा २८ तारखेला. दोनदा नापास झालोय. या वेळीही नापास झालो तर शस्त्रक्रिया कायमची सुटली.

१२ नोव्हेंबर
डोकी पेणच्या एका गणपती कारखान्यात बनतात. आज बघायला गेलो. धनेश नावाचा कारागीर तिथे मूर्तींचे डोळे आखतो. समोर बसेल त्याचा चेहराही हुबेहूब उतरवतो. पहिल्या डोक्याला त्याने माती कालवणाऱ्या धोंडुबाईंचा चेहरा दिला होता. आम्हाला डोळे नकोत, कापडाखाली झाकलेच जातात, असं मी सांगितलं. तो हसला. "डोळे उघडल्याबिगर तोंड कारखान्याबाहेर जात नाय, डॉक्टर. बापाची शिकवण हाय." मी वाद घातला नाही.

१४ नोव्हेंबर
दुपारी धोंडुबाईंच्या डोक्यावर सराव केला. डावीकडची धमनी फुटली, लाल पाणी थेट चष्म्यावर! मी आणि माझ्याबरोबर शिकणारा सुशील पोट धरून हसलो. संध्याकाळी धनेशचा फोन आला. त्याच वेळी तिकडे माती कालवता कालवता धोंडुबाईंचा उजवा हात लुळा पडला म्हणे. योगायोग. जेवलो, झोपलो.

१८ नोव्हेंबर
दुसरं डोकं साचे भरणाऱ्या जनूचं. गाठ काढताना चिमटा बोलण्याच्या भागात घुसला. संध्याकाळी पुन्हा धनेशचा फोन: जनूची वाचा गेली. त्याच घटकेला. आता योगायोग म्हणवत नाही. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. गुण मात्र सत्तरवर गेले.

२१ नोव्हेंबर
तिसरं. कुणाचं ते विचारलं नाही. त्याचे डोळे कापडाने झाकले आणि सुरू केलं. एक्क्याऐंशी गुण. फोन बंद ठेवलाय.

२४ नोव्हेंबर, पेण
धनेशने बोलावून घेतलं. तिसरं डोकं त्याच्या बहिणीचं, पूजाचं होतं. ती आता उठत नाही. तो ओरडला नाही, कुंचले धूत राहिला. चौथं डोकं सकाळीच रोह्याला पाठवलं म्हणाला. कारखान्यात समोर बसायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तुमचाच चेहरा आठवून काढला, डॉक्टर, म्हणाला.
आज तीन वाजता त्या डोक्यावर सुशीलची पाळी.

रोह्याची एसटी
सुशील फोन उचलत नाही. हातमोजे घातले की उचलत नाही. तीन वाजून दहा.

उजव्या हाताला मुंग्या— डाव्याने लिहितोय—

कंडक्टर काही विचारतायत. कळतंय. उत्तराचा शब्द— तो कुठे—

भीती नाही वाटत. काहीच नाही—

सुशील हळू. तिथे नको. तिथे माझं ना