पठार धुतलं तेव्हा

ती. दादास धाकटीचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझा विचारू नकोस, विचारायला तू फोन तरी कुठे करतोस! बरं, मुद्द्यावर येते.

मी संग्रहालयात झाडलोट करते हे तुला माहीत आहेच. मधल्या दालनात आपल्या अख्ख्या पठाराचा प्लास्टरचा नमुना आहे, दोन खाटा जोडल्या की होईल एवढा. (जी वाट आपल्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुरायची, ती माझ्या एका बोटाखाली झाकून जाते.) माहिती सांगणारे सर रोज पोरांना सांगतात, हा सगळा दगड एके काळी वितळून वाहत होता, थरावर थर बसला, म्हणून डोंगरांचे माथे सपाट. मग एका राजानं दुसऱ्याला हाकललं, त्याला तिसऱ्यानं. इतके राजे होऊन गेले, धूळ मात्र मलाच पुसावी लागते.

सोमवारी मोठे साहेब येणार म्हणून मी पठार साबण लावून घासलं. डोंगर राहिले, नद्या बादलीत गेल्या. सर डोक्याला हात लावून बसले. म्हटलं, "रडताय काय? मी तिथलीच आहे, रंग द्या इकडे." दुपारभर बसून सगळ्या नद्या काढल्या, बाणांसकट, मावळतीकडे, आपला ओढा जायचा तशाच. सर ओरडले, "अहो बाई, पठार पूर्वेला उतरतं! नद्या काय चढ चढणार?" म्हटलं, "तुम्ही पुस्तकात पाहिलंय, मी पाय सोडून बसलेय त्यात." आता म्हणतात, सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर घरी बसा. तेव्हा ताबडतोब निघ आणि तुझ्या त्या दांडग्या आवाजात साक्ष दे.

तुझी धाकटी

ता. क. येऊ नकोस. सरांनी जुना नकाशा काढला. आपला ओढासुद्धा उगवतीकडेच जातो मेला. मी गुपचूप सगळ्या नद्यांची तोंडं फिरवली. नोकरी शाबूत.

आणखी एक. आपण ओढ्यात पाय सोडून बसायचो, तेव्हा पाणी जातं त्या अंगाला आई दिसायची, पलीकडे लालभडक सूर्य. इतकी वर्षं मला वाटत आलं, ती संध्याकाळची कामावरून परत येतेय. ओढा उगवतीकडे जात असेल तर ती सकाळ होती रे. त्या उजेडात तिची पाठ की तोंड, काही कळायचं नाही. तू मोठा होतास. येत होती की जात होती? खोटं लिहिणार असशील तर जरा नीट लिही. मी काही नकाशा काढून बघणार नाही.