बिनधास्त ओता

३ फेब्रुवारी, मंगळवार
“छे! कुणालाच नाही,” म्हणाले मी मिस्त्रींना. खोटं बोलले. आणि इतक्या सहज!

झालं असं. गॅरेजवाले मिस्त्री आमच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात फिल्टर घ्यायला आले. काउंटरवर तेलात मिसळायच्या ऑइल अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्यांची रास बघून हसायला लागले. गिऱ्हाइकं त्याला ‘इंजिनाचं औषध’ म्हणतात. खरं तर मीच त्यांना तसं म्हणायला लावलं. “धडधाकट माणसाला कसलं औषध पाजताय, वहिनी? चांगल्या तेलात लागतं ते सगळं आधीच घातलेलं असतं.” मी एजंटाने दिलेला रंगीत तक्ता पुढे केला. त्यांनी बघितलाही नाही. एका ठेकेदाराचे दोन सारखे ट्रॅक्टर होते म्हणे. एकाच्या इंजिनात हे औषध, दुसऱ्यात नुसतं तेल. दोन वर्षांनी दोन्ही इंजिनं मिस्त्रींनीच उघडली. “आतून बघून सांगता येईना कुठलं कुठलं! नंबर बघावे लागले.”

म्हटलं, फायदा नाही तर नाही, तोटा तरी नाही ना?

“इंजिनात फारसा नाही. पण मागच्या तेलात ओतू नये कुणी.” गियरच्या त्याच तेलात हल्ली पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक बुडालेले असतात. आणि हे औषध म्हणजे नुसता बुळबुळीतपणा. “ब्रेकने धरायचं असतं, वहिनी. घसरायचं नसतं.” मग एकदम माझ्याकडे बघून— “कुणाला सांगितलं नाहीत ना तसं?”

४ फेब्रुवारी
सांगितलंय. एकाला. दोन आठवडे झाले. कानावरून रुमाल बांधून आला होता, कान ठणकत होता त्याचा. “लेक चालवते ट्रॅक्टर. गियर फार जड पडतात, तिचा हात भरून येतो. मागच्या तेलात चालेल का हे?” मी बिल फाडता फाडता म्हणाले, “चालेल की! बिनधास्त ओता.” दोन बाटल्या घेऊन गेला. नाव विचारलं नाही, फोन नंबर नाही.

बिनधास्त! कुठून आला हा शब्द माझ्या तोंडात?

५ फेब्रुवारी
रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की वाटतं, तोच असेल. आज अकरा गेले. अकराही वेळा उठून दारात गेले.

६ फेब्रुवारी
जेवताना ह्यांना सांगितलं. “तू काय मिस्त्री आहेस? त्याने विचारलं, तू सांगितलंस. पुढचं तो बघेल.” म्हटलं, दुकानावर पाटी तरी लावूया, मागच्या तेलात ओतू नका म्हणून. तर म्हणे, “आणि शोभा करून घेऊया! कोण येईल मग आपल्याकडे?” जेवण झालं, हात धुतले, पेपर उघडला. मग पेपराआडूनच म्हणाले, “काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं.”

म्हणजे हेसुद्धा घाबरलेत. आता कुणाकडे बघून धीर धरू?

बाटल्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. पाटी नाही लावली.

७ फेब्रुवारी
वजनकाट्यावरच्या माणसाला फोन केला. त्याच्या डोळ्यांसमोरून सगळे ट्रॅक्टर जातात. “कानाला रुमाल? अहो, तो खाणीवरचा! टेकडीवरून दगड उतरवतो. म्हणजे हल्ली त्याची पोरगीच उतरवते. काय हात आहे पोरीचा!”

टेकडीवरून. दगड भरून. उतारावर!

तोवर संध्याकाळ झालेली, आजची खाण सुटून गेली होती. उद्या रविवार, पण काम चालू असतं म्हणाला. दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलंय.

८ फेब्रुवारी, रविवार
ह्यांना न विचारता स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक वळणावर वाटत होतं, पुढे गर्दी दिसणार. नाही दिसली. वर पोचले तर ट्रॉली काठोकाठ भरलेली, ट्रॅक्टर चालू, वर एक विशीची मुलगी. बाप कान दाखवायला डॉक्टरकडे गेलेला.

मी नुसतीच ओरडत सुटले. तिला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. शेवटी खाली वाकली. “काय झालं, काकू?”

“ते औषध! माझ्या दुकानातलं!”

“हो, बाबांनी आणलं ना! तेव्हापासून गियर कसे लोण्यासारखे पडतात.”

“आणि ब्रेक?”

“लांब जाऊन लागतोय थोडा. मी आधीच दाबते.”

“उतर खाली. मी चुकीचं सांगितलं होतं तुझ्या बाबांना.” बोलून गेले एकदाची! मुकादम धावत आला. “ओ बाई, बाजूला व्हा, मागे चार गाड्या खोळंबल्यात!” मी स्कूटर पुढच्या चाकासमोर आडवी लावली आणि किल्ली मुठीत धरून उभी राहिले. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटण्याइतकी लाज वाटत होती, सगळे बघत होते. मुकादम नाही नाही ते बोलला. शेवटी मुलगीच म्हणाली, “काका, ट्रॉली सोडा. सपाटीवर बघूया तरी.”

चुन्याची रेघ मारली. मोकळा ट्रॅक्टर, साधा वेग. रेघेवर तिने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर गेला... गेला... मुकादमाने पावलं मोजली. एकोणीस! चार-पाचांत थांबायला हवा होता. मुलगी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. उतरताना माझा खांदा धरला तिने.

मिस्त्रींना फोन केला. खरं सांगितलं, तेव्हा खोटं बोलले होते हेही. ते म्हणाले, “ट्रॅक्टर हलवू नका. उद्या उघडतो.”

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. उठून पाटी लिहायला बसले.

१० फेब्रुवारी
ब्रेकच्या प्लेटा झिजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, आणखी एखादी खेपच निघाली असती. ही महिन्या-दोन महिन्यांची झीज नाही, वर्षाची आहे.

आत्ता मुलीचा बाप येऊन गेला. पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. सील तसंच. “कानाच्या दुखण्यात ओतायचं राहूनच गेलं, ताई. आता हे परत घ्याल का?”