हजीऱ्याहून आणलेला हिरवा चहा

६ जानेवारी १९९७
खोकला किरकोळ. डॉक्टर म्हणतो छातीचा एक्स-रे काढा. या लोकांना दुसरं सुचतं काय? आमच्या सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये मशीन बसवायला जपानी इंजिनिअर आलाय. साठीचा गडी. तीन मजले चढतो, धाप नाही. दिवसभर बाटलीतला हिरवा चहा पितो. ठरलं. तसली चांगली बाटली शोधायची. पंधरा दिवसांत खोकला साफ. एक्स-रे कॅन्सल.

९ जानेवारी
गोडादऱ्यापासून चौटा बाजारापर्यंत आठ दुकानं. एकाने हिरवं सरबत पुढे केलं. पांढऱ्या कापडाचा तुकडा बुडवून पाहिला. कच्चा, भडक रंग. वीस वर्षं कलर मास्तर आहे, मला कोण फसवतो! घरी आलो तर रंजना म्हणे, आठ दुकानं फिराले येळ शे, फोटू काढाले नही? बायकोला सायन्स कळत नाही.

१४ जानेवारी, उत्तरायण
मिल बंद. दिवसभर गच्चीवर पतंग. मोकळी हवा छातीला उत्तम. खोकल्यावर रुमालावर लाल डाग. मांज्याचा गुलाबी रंग हाताला लागलेला, तोच.

१७ जानेवारी
पुन्हा डाग. मांजा तर संपला. मिलमधल्या लाल लॉटच्या रंगाचा शिंतोडा असणार. मशीनवरचा भटू म्हणाला, मास्तर, आठवडाभर नुसता निळा चालू शे. भटूच्या काही लक्षात राहत नाही.
जपान्याकडे एक बाटली मागितली असती. पण कलर मास्तर हात पसरत नाही.

२१ जानेवारी
हजीऱ्याला बोटीवरचा माल विकणारा सापडला. एकच बाटली होती. तुकडा बुडवला. हलकी, स्वच्छ शेड. एक नंबर! प्यायलो. कडू, म्हणजे गुणकारी. हत्ती गेला, शेपूट राहिलं.
संध्याकाळी जिना चढलो. पहिल्या मजल्यावर बसावं लागलं. नवीन चप्पल.

२४ जानेवारी
शेठच्या मुलाला मध्ये घालून जपान्याला विचारलं, छातीसाठी रोज किती बाटल्या? तो म्हणाला, हा तर तहानेचा चहा. छातीचा फोटो दरवर्षी काढतो, कंपनीचा नियम आहे. मग माझ्या रुमालाकडे बघत राहिला.

रात्री ८
रुमाल मिलच्या लॅबमध्ये नेला होता. शेडकार्डावरच्या सगळ्या लाल रंगांशी लावून पाहिला. एकाशीही जुळला नाही. सकाळचा लाल आता वाळून तपकिरी झालाय. आमचा कुठलाच लाल असा बदलत नाही.
भीती वाटली. रंजनाला म्हणालो, सकाळी चल माझ्यासोबत. ती लुगडं बदलायला आत गेली. मी म्हटलं, अगं, आत्ता नाही, दवाखाना बंद असेल. ती म्हणाली, सिविल हॉस्पिटल रातभर उघडं राहस.