पहिलं पाणी

प्रिय भोपळ्या,

(पुढच्या रविवारपासून तुला फादर म्हणावं लागेल, तेव्हा हे नाव आत्ताच मनसोक्त वापरून घेतो.)

लाँड्रीच्या मागच्या अंगणातली ती चार विटांची चौकट मला काय भावात पडली, याचा काल सहज हिशेब मांडला. हातभर जमीन. तिच्यामुळे गाडीला वळायला जागा नाही, म्हणून बावीस वर्षं गाडी उलटी काढावी लागते, दिवसातून दोनदा. त्यापायी तीन आरसे फुटले, एकदा फाटक उखडलं, दोन ड्रायव्हर सोडून गेले आणि तिसरा मला नेमकं ऐकू येईल अशा बेतानं पुटपुटतो. नवा बॉयलर तिथं मागे बसला असता. तो पुढे घ्यावा लागला आणि इस्त्रीवाली माणसं उन्हाळाभर भाजून निघतात. मी एकदा तिथं सिमेंटची पोती आणून टाकली होती. तुझी आई आली आणि विटांपाशी उभी राहिली. "इथं नाही," एवढंच म्हणाली. तोवर लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण इतक्या कमी शब्दांत तिनं मला कधी अडवलं नव्हतं. पोती परत गेली.

तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देतो, आधी घरची खबर. आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. कसलं प्लास्टर म्हणून दचकू नकोस. चार महिन्यांपूर्वी ती ओल्या फरशीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. "त्याची परीक्षा आहे, त्याला कळवाल तर याद राखा," असं तिनं दवाखान्यातूनच बजावलं होतं. आता हात बरा आहे; मूठ पूर्ण वळत नाही, पण डॉक्टरांना ती वळवून दाखवते. तुझी ताई आठवडाभर येऊन गेली आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे बदलून ठेवून गेली, त्यामुळे मीठ कुठं आहे ते अजून शोधतोय.

तर त्या चार महिन्यांतली गोष्ट. तुला हे सगळं गुरुविद्यालयात पुस्तकातून शिकवलं असेल, पण धंदेवाल्याच्या तोंडून ऐक. मिस्साची उपासना झाल्यावर फादर ज्या रुमालानं प्याला पुसतात, त्यात प्रभूचं रक्त झालेल्या द्राक्षारसाचा एखादा थेंब असतो. वेदीवर अंथरलेल्या चौकोनी कापडात ख्रिस्तशरीर झालेल्या भाकरीचा एखादा कण अडकलेला असतो. म्हणून ते कपडे आधी वेगळ्या भांड्यात, हातानं, साध्या पाण्यात खळबळायचे. ते पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. जिथं कुणाचा पाय पडत नाही अशा मातीत ओतायचं. मग पुढचं धुणं. त्या चार विटा त्यासाठी होत्या.

आई दवाखान्यात, आणि सोमवारी चर्चमधून नेहमीची टोपली आली. मी म्हटलं, त्यात काय, आपण काय नवखे आहोत? एका इस्त्रीवर सुरू केलेला धंदा आठ यंत्रांवर नेलेला माणूस मी. यंत्राच्या आवाजावरून खिशात नाणं राहिलंय की किल्ली ते सांगतो. मी ते कपडे हॉटेलच्या चादरींबरोबर मोठ्या यंत्रात टाकले. गरम पाणी, दुप्पट ब्लीच. भोपळ्या, काय निघाले म्हणून सांगू! डोळे दिपावेत असे. माझ्या मनात पवित्र म्हणजे स्वच्छतेच्या वरची पायरी होती, चादरीपेक्षा जरा जास्त पांढरं, एवढंच. जन्मभर डाग काढणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

रविवारी मी ते ऐटीत पोचवले. फादरांनी पाठ थोपटली, दोघा-चौघांनी वा वा केली. मी बाहेर येऊन बुटाची नाडी बांधत होतो, तेवढ्यात आतून आपल्या चर्चच्या देखभालवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला. तो कुजबुजत होता. पण माझे कान तुला माहीतच आहेत, तू लहानपणी बिस्किटाचा डबा उघडलास तर मला दुकानात कळायचं. तो मदतनीस बाईला म्हणाला, "यावेळी वहिनींचा हात नाही लागला याला. बाजारासारखा वास येतोय." मला राग आला. असला राग एरवी गिऱ्हाईक खरं बोललं की येतो.

घरी येऊन मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही. ती आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आली होती, उशीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं पाणी कुठं गेलं?" मी म्हटलं, कुठं जाणार, गटारात. ती रागावली असती तर मी भांडलो असतो, आपल्याला ते जमतं. पण ती सावकाश उठली, गळ्यात अडकवलेल्या हातानिशी भिंत धरत आमच्या खोलीत गेली आणि प्रभूच्या तसबिरीसमोर गुडघ्यांवर बसली. मी दाराशी कान लावून उभा. वाटलं, माझ्यासाठी क्षमा मागत असेल, निदान माझं नाव तरी घेईल. काही ऐकू आलं नाही. अर्धा तास ती नुसती बसली होती, घरात कुणी गेलं की जवळची माणसं बसतात तशी.

पुढच्या सोमवारी तिनं डाव्या हातानं टोपली ओढली. मी म्हटलं, दे, मी करतो. "तुम्ही पातेलं धरा," म्हणाली. मी धरलं. ते जुनं पांढरं पातेलं, काठाचा रंग उडालेलं. ते घरात आहे हेही मला ठाऊक नव्हतं. एकेक रुमाल ती पाण्यात सोडायची, बोटांनी उलगडायची, थांबायची. मी सवयीनं मनात घाई करत होतो. एवढ्या वेळात चाळीस उशांचे अभ्रे झाले असते. शेवटी न राहवून विचारलं, अगं, त्या पाण्यात तुला खरंच काही दिसतं का? तर म्हणाली, "मला कुठं काय दिसतंय? पण ज्याचं आहे त्याला दिसतंय ना मी कशी ओततेय ते." मग आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. तिनं चपला काढल्या. मीही काढल्या. पाणी मातीत जिरेपर्यंत ती हलली नाही. ड्रायव्हर गाडी घेऊन खोळंबला होता. त्यानं भोंगा वाजवला नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तो कधीच वाजवत नसणार. अंगणातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत होती. मी सोडून.

चर्चमध्ये इतकी वर्षं मी भक्ती केली ती कानांनी. गायकवर्ग कुठं चुकला, प्रवचन किती लांबलं, मागच्या बाकावर कोण काय बोललं. त्या मातीशी उभं राहिल्यावर ऐकायला काहीच नव्हतं आणि तरी तिथून निघावंसं वाटलं नाही. याला उपासना म्हणत असतील तर मी पन्नाशी उलटल्यावर तिच्या दारात पोचलो.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहिलंस की पहिल्या मिस्साचं प्रवचन पावित्र्यावर करणार आहेस, आणि त्यात माझं उदाहरण देणार: दिवसभर जगाची मळकी धुणी धुऊन देवाच्या मेजावरचे कपडे आपल्या हातानं धुणारा बाप. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या वर्धापनदिनी मीच माइकसमोर म्हणालो होतो ना, "एकोणतीस वर्षं वेदीचे कपडे या हातांनी धुतले, कधी बिल लावलं नाही." तू सुट्टीवर होतास, पहिल्या रांगेत बसला होतास, तुझे डोळे भरले होते. सभागृहभर टाळ्या झाल्या. त्यात तुझ्या आईच्या टाळ्या मला वेगळ्या ऐकू आल्या. तिच्या तळहातांना घट्टे आहेत, टाळी बद्द वाजते. मी तेव्हाही गप्प बसलो. ती सोमवारी तुम्ही पोरं शाळेत गेल्यावर धुवायची, आणि रविवारी घडी केलेली टोपली मी मिरवत न्यायचो. तू पाहिलंस ते एवढंच. तुझं पत्र वाचून ती खूष झाली आणि मला म्हणाली, "त्याला काही सांगू नका हं, त्याचं मन मोडेल." तिचा शब्द मोडून हे लिहितोय. कारण तू पहिल्यांदा वेदीपाशी उभा राहशील तेव्हा तुझ्या तोंडून निघणारं पहिलं प्रवचन माझ्या थापेवर उभं राहू नये. तिच्याबद्दल बोलायचं की नाही ते तू ठरव. बोललास तर ती पदराआड तोंड लपवेल. माझ्याबद्दल मात्र बोलू नकोस. या एकतीस वर्षांत वेदीचा एकही कपडा मी हातानं धुतलेला नाही.

तुझाच, पण आधी तुझ्या आईचा,
बाबा