करापुरता श्रावणबाळ

दादा,

झोप झाली असेल तर ही चिठ्ठी फ्रिजवरून काढ आणि नीट वाच.

काल तुझे कपडे मशीनला लावायला बॅग उघडली, तर तुझे करखात्याचे दोन्ही अर्ज हाताला लागले. वा! तिकडच्या सरकारला सांगितलंस की तुझं खरं घर इथे आहे, तिथे तू फक्त नोकरीपुरता असतोस. आणि इथल्या सरकारला सांगितलंस की अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं तूच करतोस, पगारी नर्ससुद्धा ठेवली आहेस, म्हणून सूट द्या. दोन देशांना टोपी घालायला तुला बाबाच सापडले!

असो. तुझा शब्द खोटा पडायला नको, म्हणून मी मैत्रिणीकडे राहायला चालले आहे.

बाबांना कुशीवर वळवताना आधी डावा हात मोकळा कर, नाहीतर ओरडतात. भरवताना घाई केलीस तर ठसका लागतो. डायपर बाथरूमच्या कपाटात आहेत, नाक मुरडत बसू नकोस. शेजारच्या काकू डोकावतील, पण हात लावणार नाहीत. तसं सांगून ठेवलंय.

सोमवारी करखात्याचे साहेब चौकशीला येणार, म्हणूनच तर तू धावत आलास. त्यांना थेट बाबांच्या खोलीत ने. काल तुला बघून बाबांनी मला विचारलं, "हा गिझर दुरुस्त करायला आलाय का?" आजपासून कामाला लागलास, तर सोमवारपर्यंत कदाचित ओळखतील.

तुझी बिनपगारी नर्स