न वाजणारा डबा

१६ सप्टें.
पहाटे जाग आली ती डब्याच्या आवाजाने. खुळ्-खुळ्-खुळ्. लहानपणचा. अचलपूरला भुलाबाईची गाणी संपली की पोरी आतून झाकलेला डबा हलवायच्या, "ओयखा वं, काय हाये खाऊ?" आम्हा मुलांना आत मज्जाव. पायरीवर बसून ऐकायचं. फुटाणे टणटण, मुरमुरे नुसते सळसळ. माझा कान पक्का. समोरच्या घरातली मालू मात्र शिरा आणायची. शिरा वाजत नाही. तिथे हरलो तो कायमचा. पुढे लग्नच...

१८ सप्टें.
पौर्णिमा. विसर्जनाचे ढोल आत्ता कुठे थांबले. माळ्यावरून खोकं काढलं. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणोबा; पार्वती-शंकराचा अख्खा संसार. लग्नानंतर मालूने एसटीत मांडीवर धरून पुण्याला आणलेली. दर वर्षी रंग देऊन तीच बसवायची. आज बसायला हवी, मग कोजागिरीपर्यंत रोज गाणी. पण मालू गेल्यानंतरचं हे पहिलं वर्ष, आणि तिचं सांगणं एकच असे : "मुकी नका बसवू हो तिला."
शाळेतल्या कविता अजून चालीवर पाठ आहेत. भुलाबाईचं गाणं एक येत नाही. पायरीवर काय, पुढे घरात काय, कान असायचा तो फक्त डब्याकडे.

२१ सप्टें.
सूनबाई म्हणाली, "बाबा, मोबाईलवर आहेत ना सगळी. प्ले करू?" लावलं. मध्येच जाहिरात, गुडघ्याच्या तेलाची. भुलाबाई मांडी घालून बसलेली! बंद केलं.

६ ऑक्टो.
सोसायटीचा भोंडला. नात इरा नाचून दमली. खालच्या मजल्यावरच्या लेलेबाई प्रमुख. खोकं घेऊन गेलो, विचारलं, तुमच्या हत्तीशेजारी आमची भुलाबाई ठेवली तर? "अहो वानखडे, पाटावर एकच हत्ती मावतो." खोक्यात डोकावून वर, "नवरा-बायको जोडीने बसलेत? वा. आमच्यात अजून तशी प्रथा नाही." श्री. लेले मान खाली घालून खिरापत वाटत होते.
गायला कोणी नाही, हे काही मी बोललो नाही. विश्रांतवाडीत इतकी वर्षं काढून आता काय रडगाणं.

१३ ऑक्टो.
इरा : "आजोबा, ती किती दिवस खोक्यात?"
"गाणारं मिळेपर्यंत."
"नाही मिळालं तर?"
कोजागिरीपर्यंत वाट बघायची. मग माळ्यावर. या खेपेला चढवली की पुन्हा उतरवणं माझ्याच्याने व्हायचं नाही, हे तिला नाही सांगितलं.
"लेलेआजीला सांगू?" नको म्हटलं. म्हणजे सांगणार.

१६ ऑक्टो.
कोजागिरी. दूध आटतंय. भुलाबाईच्या नाकाचा रंग उडालेला, तेवढा ठिपका दिला आणि जुना पेपर घेतला गुंडाळायला. इरा म्हणाली, तुमची शाळेतली कविता म्हणा ना तिला. म्हटली, सगळी कडवी, गुरुजींच्या चालीत. इराने टाळ्या वाजवल्या. भुलाबाई ऐकून घेत होती, पाहुण्याचं ऐकावं तशी.
पेपर अर्धा गुंडाळला आणि बेल.
दारात लेलेबाई. हातात झाकलेला स्टीलचा डबा.
"मालूताई दुपारी वाटाणे सोलायला बसायच्या माझ्याकडे. तोंड काय बंद असायचं त्यांचं? ऐकून ऐकून पाच गाणी येतात मला. सहावं अर्धं. तो पेपर काढा आधी, गुदमरेल ती."
पेपर काढला.
त्यांनी डबा माझ्या कानाशी नेला, जोरात हलवला. "ओयखा." अगदी मालूचा स्वर.
डबा वाजला नाही.